मगभर पाणी आणि आपण गृहीत धरलेलं सगळं

महिनाभर घर बंद होतं. परत येऊन दार उघडलं तर असा काही भपकारा आला की मी चपला न काढताच खिडक्या उघडत सुटले. आधी वाटलं कुठेतरी उंदीर मेलाय. फ्रीज बघितला, सिंकखाली बघितलं, कपाटं सरकवून बघितली, मग कळलं की वास मागच्या बाथरूममधून येतोय, जे एरवीही आम्ही कोणी फारसं वापरत नाही. फिनेलनं फरशी पुसली, रूम फ्रेशनर मारला, आणि आता फिनेल अधिक लव्हेंडर अधिक गटार असा तिहेरी वास यायला लागला. शेवटी प्लंबरला बोलावलं. तो आला, दारातच नाक वर करून एकदा हुंगला आणि म्हणाला, "ताई, किती दिवस बंद होतं घर?" म्हटलं, महिना. त्यानं मगभर पाणी घेतलं, जमिनीवरच्या जाळीत सावकाश ओतलं, अजून एक मग ओतला, म्हणाला, "झालं. अर्ध्या तासात जाईल वास."

मी बघतच राहिले. काही उकरणार नाही, पाइप बदलणार नाही, काहीच नाही?

तर त्या जाळीच्या खाली नहाणी ट्रॅप असतो. म्हणजे पाइपाला मुद्दाम एक बाक दिलेला असतो आणि त्या बाकात कायम थोडंसं पाणी साचून राहतं. ते पाणी म्हणजेच झाकण. वरून पाणी टाकलं की खाली वाहून जातं, पण खालची गटाराची हवा वर येऊ शकत नाही. ना स्प्रिंग, ना रबर, ना मोटर. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीनं १७७५ साली संडासासाठी इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या पाइपचं पेटंट घेतलं, आणि अडीचशे वर्षं झाली तरी सिंक, कमोड, नहाणी सगळीकडे तीच आयडिया चाललीय. अट एकच, त्यात पाणी पाहिजे. वापर थांबला की ते पाणी हळूहळू उडून जातं आणि मग तुमचं घर आणि गटार एकच होतं.

नंतर याबद्दल वाचत बसले (मला ही खोड आहे) आणि हाँगकाँगचं प्रकरण सापडलं. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ होती तेव्हा अमॉय गार्डन्स नावाच्या एका वसाहतीत काही आठवड्यांत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली आणि त्यातले चाळीसहून जास्त गेले. सगळे एकमेकांना भेटले होते असं नाही. सरकारी तपासात जी कारणं पुढे आली त्यातलं एक महत्त्वाचं कारण हेच होतं, बाथरूमच्या जमिनीवरचे ट्रॅप सुकलेले. लोक फरशी पाण्यानं न धुता नुसती पुसायचे, मग ट्रॅपमध्ये पाणी कुठून येणार, आणि एक्झॉस्ट फॅन लावला की तो सांडपाण्याच्या पाइपातली हवा थेंबांसकट घरात ओढून घ्यायचा. मगभर पाणी. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या जाळ्यांमध्ये दोन दोन मग ओतले.

आता अशा गोष्टींवर नेहमी जे लिहिलं जातं ते मला लिहायचं नाहीये. म्हणजे, बघा आपण किती भाग्यवान, नळ सोडला की पाणी येतं, बटण दाबलं की उजेड पडतो, आपण कदर करत नाही, एक दिवस मोबाइलशिवाय राहून बघा, एक दिवस विजेशिवाय राहून बघा. हे वाचून क्षणभर बरं वाटतं आणि उगाच थोडं अपराधीही वाटतं, पण त्यानं होत काय? तुम्ही एक दिवस मोबाइल कपाटात ठेवला तर टॉवरला काही फरक पडत नाही. आणि मुळात ती हौस असते, संध्याकाळी मोबाइल परत मिळणार हे माहीत असतं ना. ज्यांना खरंच मिळत नाही त्यांचं बघा. जगात आजही दोन अब्जांहून जास्त माणसांना सुरक्षित पिण्याच्या पाण्याची घरपोच खात्रीशीर सोय नाही. ती माणसं पाणी गृहीत धरत नाहीत, दिवसभर पाण्याचाच विचार करतात, कुठून आणायचं, किती आणायचं, कोणी जायचं, पोरीनं शाळा बुडवायची का. त्यात काही थोर नाहीये. डोक्यातली सगळी जागा पाणीच खाऊन टाकतं, बाकी कशाला उरतच नाही.

म्हणून माझं मत असं की गृहीत धरणं हा गुन्हा नाहीच. कोणतीही सोय शेवटी याचसाठी करायची असते ना, की माणसानं तिचा विचार करणं सोडून द्यावं? सकाळी उठून मी नळाचे आभार मानत बसले तर त्या नळाचा उपयोग काय. घोळ दुसरीकडे आहे. वापरणाऱ्यानं गृहीत धरलं तर चालतं, पण चालवणारेही गृहीत धरायला लागतात. पालिका, वीज कंपनी, हॉस्पिटल, बँक, सरकार, सगळे. 'एक दिवस याच्याशिवाय राहून बघा' हा जो उपदेश आपण एकमेकांना करतो तो खरं म्हणजे यांना सक्तीनं करायला लावला पाहिजे, आपल्याला नाही.

थोडं विस्तारानं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे जे नीट चाललंय ते दिसत नाही. आपल्याला वाटतं की आपल्याला कळतं. २००२ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना विचारलं होतं की चेन (पँटची, बॅगची असते ती), कुलूप, संडासाचा फ्लश, या गोष्टी कशा चालतात हे तुम्हाला किती समजतं, स्वतःला मार्क द्या. लोकांनी बऱ्यापैकी मार्क दिले. मग म्हटलं आता पायरी पायरीनं लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर फेफे उडाली, आणि परत मार्क द्यायला सांगितल्यावर लोकांनी स्वतःच स्वतःचे मार्क कमी केले. तुम्ही करून बघा, न बघता सायकलचं चित्र काढा, चेन कुठून कुठे जाते आणि फ्रेमची कुठली नळी कशाला जोडलेली असते ते दाखवा. मी काढलेली सायकल वळलीच नसती, कारण मी पुढचं चाक फ्रेमला पक्कं जोडून टाकलं होतं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांना सगळं कळायची गरज नसते, कोणाला तरी कळलं म्हणजे झालं. पण तो जो कोणीतरी आहे त्याचं काम दिसत नाही, आणि ते उत्तम झालं तर अजिबातच दिसत नाही. वायटूकेचंच बघा. जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं, त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार. जगभरात लाखो लोकांनी काही वर्षं बसून तो कोड शोधला, बदलला, तपासला. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र गेली, किरकोळ घोळ सोडले तर काही झालं नाही. आणि लोक काय म्हणाले? बघा, उगाच बाऊ केला होता, कंपन्यांनी पैसे उकळले. आजही म्हणतात. आता यावर त्या माणसानं काय बोलावं जो त्या वर्षी सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात बसून होता?

उलट बाजू बघायची तर अमेरिकेतलं फ्लिंट. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून या शहराचं पाणी बदललं, जुना पुरवठा बंद करून स्थानिक नदीचं पाणी घ्यायला लागले. ते पाणी पाइप जास्त खाणारं होतं. अशा पाण्यात फॉस्फेट घालतात, त्यानं पाइपाच्या आतून एक पातळ थर धरतो आणि पाइपातला धातू पाण्यात उतरत नाही. ते घालायचं राहिलं, म्हणजे घातलंच नाही. शिशाच्या जुन्या पाइपांमधला वर्षानुवर्षांचा थर सुटला आणि शिसं पाण्यात यायला लागलं, तेच पाणी पोरं पीत होती. सगळ्यात कडू भाग पुढे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या एका कार कारखान्यानं सांगितलं की या पाण्यानं आमचे इंजिनाचे पार्ट गंजतायत, आम्हाला दुसरं पाणी द्या, आणि कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. लोकांना जुना पुरवठा परत मिळायला पुढचा ऑक्टोबर उजाडला. इंजिनाला एक वर्ष आधी न्याय.

तिथे कोणी काही तोडलं नव्हतं, कोणी बॉम्ब टाकला नव्हता, एक कंटाळवाणं रोजचं काम गाळलं एवढंच. आणि ते गाळताना कोणाला काही वाटलंही नसेल कारण कागदावर तो नुसता एक खर्च होता, त्याच्या पुढच्या रकान्यात 'यामुळे काय होत नाहीये' असं कोणी लिहिलेलं नसतं. नवीन पूल बांधला की फीत कापता येते, फोटो येतो, नाव कोरता येतं. जुन्या पुलाचे बोल्ट आवळले याची फीत कशी कापणार? त्यामुळे पैसा नेहमी नव्याकडे जातो, आणि नवीन बांधलेलं उद्या जुनं होणार आहे याची तरतूद परवा बघू. माझं म्हणणं आहे की जी सार्वजनिक गोष्ट पुढची तीस वर्षं सांभाळायला काय लागेल हे लिहून ते पैसे बाजूला काढलेले नाहीत तिचं उद्घाटनच होऊ देऊ नये. लोक म्हणतील अशानं काही बांधलंच जाणार नाही. कमी बांधलं जाईल, हो. जे बांधलं जाईल ते उभं तरी राहील.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त खटकते. एखादी सोय रुळली की आपण तिच्या आधीचा रस्ता बंद करून टाकतो. वापरत नाही ना कोणी, मग कशाला ठेवायचा.

जुना तारेचा लँडलाइन फोन आठवतो? घरातली वीज गेली तरी तो चालायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची. जादू काही नव्हती, फोनला लागणारी वीज त्याच तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधून यायची आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असायची. आता बऱ्याच देशांत त्या तारा काढून फायबर आलंय, स्पीड मस्त, पण काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, त्यामुळे घरातली लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन बंद. मोबाइल आहे की, असं आपण म्हणतो, पण टॉवरच्या बॅटरीलाही काही तासांचंच आयुष्य असतं.

२८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, जवळजवळ सगळ्या द्वीपकल्पाची, काही सेकंदांत. सिग्नल बंद, रेल्वेगाड्या मधेच उभ्या, माणसं लिफ्टमध्ये अडकलेली, कार्ड पेमेंट बंद, मोबाइल नेटवर्क हळूहळू मान टाकतंय. त्या दिवशी लोक काय शोधत होते? नोटा, मेणबत्त्या आणि सेलवर चालणारा रेडिओ. म्हणजे अडगळीत टाकलेल्या तीन वस्तू. आणि वीज परत आणायची तर तेही सोपं नसतं, कारण बहुतेक वीजकेंद्रांना स्वतः सुरू व्हायला आधी बाहेरून वीज लागते. पंप चालवायला, कंट्रोल रूमला. मग ज्यांना बाहेरच्या विजेशिवाय उठता येतं अशी जलविद्युत केंद्रं आधी उठवायची, शेजारच्या देशांतून (तिथे फ्रान्स आणि मोरोक्कोनं दिली) थोडी वीज घ्यायची, आणि एकेक तुकडा जोडत जायचं. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ते जमलं, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज आली, कारण हे करता येणारी केंद्रं आणि माणसं जागेवर होती. पंचवीस वर्षं लागलं नाही म्हणून ती काढून टाकली असती तर?

काही ठिकाणी शहाणपण येतंय असं दिसतं. अमेरिकेच्या नौदल अकादमीनं आकाशातल्या ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं शिक्षण मधे बंद केलं होतं, जीपीएस असताना कोण तारे बघत बसेल, पण २०१५ मध्ये ते परत सुरू केलं, कारण जीपीएसचा सिग्नल दाबता येतो. ताऱ्यांचा कसा दाबणार? स्वीडन, जिथे नोटा जवळजवळ कोणी वापरतच नाही, तिथल्या सरकारनं २०२४ च्या शेवटी घरोघरी एक पुस्तिका पाठवली, संकट आलं तर काय तयारी हवी याची, त्यात घरात थोडी रोख ठेवा असंही सांगितलंय.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. असं प्रत्येक जुनं सांभाळत बसलो तर दुप्पट खर्च होईल, आणि मग घोडागाडीही ठेवायची का? नाही ठेवायची. मी 'पूर्वी किती छान होतं' वाल्यांमधली नाही, पूर्वी छान नव्हतं. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतका वास सुटला की पार्लमेंटनं खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले होते, आणि स्वतःच्या नाकाशी आल्यावरच गटारांना पैसे मंजूर केले. १८६६ मध्ये कॉलरा परत आला तेव्हा त्यानं मुख्यतः पूर्व लंडनला झोडपलं, जिथलं नव्या गटारांचं काम पूर्ण झालं नव्हतं. ते दिवस कोणाला परत हवेत? माझा निकष साधा आहे. ही गोष्ट एक दिवस बंद पडली तर माणूस मरतो का, किंवा त्याला पाणी, औषध, मदत मिळायची थांबते का. मरत असेल तर दुसरा रस्ता ठेवा, आणि नुसता ठेवू नका, वापरून बघा. मरत नसेल तर खुशाल काढून टाका, सिनेमाचं तिकीट फक्त ॲपवर मिळालं म्हणून माझी काही तक्रार नाही.

'वापरून बघा' हे मी मुद्दाम म्हणतेय. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलची वीज गेली. जनरेटर होते, पुरापासून लांब म्हणून वरच्या मजल्यांवर ठेवलेले, शहाणपणाच. पण त्यांना डिझेल पुरवणारी यंत्रणा तळघरात होती आणि तळघरात पाणी शिरलं. तीनशेच्या आसपास पेशंट रात्रीत जिन्यानं खाली आणावे लागले, त्यात अतिदक्षता विभागातली नवजात बाळं होती. अंधारा जिना, एक नर्स, कुशीत बाळ आणि हातानं दाबत राहायची ती श्वासाची पिशवी. कागदावर त्या हॉस्पिटलचा बॅकअप होता बरं का. पण तळघर भरलं तर काय, हा प्रश्न सगळ्यात वरच्या जनरेटरपासून सगळ्यात खालच्या पंपापर्यंत कोणी धसास लावला नव्हता. जनरेटर दर आठवड्याला पाच मिनिटं घुर्र करून बंद करणं म्हणजे तपासणी नाही. मेन स्विच खरंच पाडा, वर्षातून एकदा, आधी नीट ठरवून, सगळे डॉक्टर हजर असताना, आणि बघा काय काय बंद पडतं. बँकेनं एक दिवस सर्व्हरशिवाय काउंटर चालवून दाखवावं. पाणी खात्यानं एक झोन दुसऱ्या लाइनवर टाकून दाखवावा. आणि निकाल लोकांसमोर ठेवावा, नापास झाले तरी, किंबहुना नापास झाले तर नक्कीच. हे महाग आहे, त्रासाचं आहे, त्या दिवशी लोक शिव्या घालतील. चालेल.

कारण एकदा धडा शिकलो म्हणजे तो शिकलेलाच राहतो असंही नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावत आले, वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून, न्यूयॉर्कहून, आणि त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे. माणसं हजर, बंब हजर, पाणी हजर, आणि मधे एका आट्याचा फरक. जवळपास तीस तास आग चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. मग चौकशी झाली तर कळलं की देशभरात सहाशेहून जास्त प्रकारचे आटे आणि मापं आहेत. लगेच पुढच्या वर्षी एक माप ठरवलं गेलं. छान. आता १९९१, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरावरची आग. बाहेरगावचे बंब मदतीला आले, त्यांच्या पाइपांची तोंडं अडीच इंचाची, ओकलंडच्या नळांची तीन इंचाची. बसेनात. मधल्या ८७ वर्षांत माप कागदावर ठरलेलं होतं, पण ओकलंडच्या नळांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्या आगीत २५ माणसं गेली.

प्लंबरनं जाताना एक सांगितलं होतं, "पुढच्या वेळी घर बंद करून जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरा आणि वरून चमचाभर तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही." म्हटलं हे विसरायचं नाही. चिठ्ठी लिहून फ्रीजच्या दारावर लावली, 'जाताना तेल'. पहिले चार दिवस येता जाता दिसायची. परवा बहीण आली, पाण्याची बाटली काढताना विचारते, "हे जाताना तेल काय गं?" तेव्हा कळलं की चिठ्ठी अजून तिथेच आहे. आणि मधे आम्ही दोन आठवडे बाहेर जाऊन आलो होतो.